घराचा हप्ता, अडकलेला फ्लॅट आणि देवावरचा भरवसा: गोव्यात नवीन असलेल्या ख्रिस्ती कुटुंबांसाठी एकेक पायरी

हे कोणासाठी लिहितेय ते आधी सांगते. कोल्हापूर, बेळगाव, सावंतवाडी, अहिल्यानगर कुठून कुठून नोकरीसाठी गोव्यात आलेली आपली मराठी बोलणारी ख्रिस्ती कुटुंबं, कोणी वेर्ण्याला कंपनीत, कोणी वास्कोला बंदरात, कोणी कळंगुटला हॉटेलात, काही वर्षं भाडं भरून कंटाळली आणि लोन काढून फ्लॅट बुक केला, आणि आता बिल्डरने काम थांबवलंय, किंवा हप्ता वाढलाय, किंवा नोकरी गेलीय, किंवा विकायला काढला तर घेतलेल्या किमतीच्या जवळपाससुद्धा कोणी येत नाही. कॅथलिक असा की प्रोटेस्टंट, फादरकडे जाणारे असा की पाळकांकडे, रात्री छताकडे बघत पडलेलं असताना सगळे सारखेच. अशा वेळी नातेवाईक, व्हॉट्सॲप, शेजारी सगळे एकच सांगतात, "विश्वास ठेवा, प्रभू बघून घेईल." वाक्य खरं आहे, मी पण मानते, पण ते ऐकून झाल्यावर सोमवारी सकाळी उठून नक्की करायचं काय हे कोणी सांगत नाही, म्हणून हे लिहायला घेतलं.

माझं म्हणणं एवढंच आहे की देवावर भरवसा ठेवणारा माणूस बँकेचं पाकीट न उघडता कपाटावर टाकून देत नाही. आपण एकटे नाही हे ज्याला माहीत आहे त्यालाच ते पाकीट उघडायची हिंमत होते. खालचं सगळं याच एका गोष्टीवर उभं आहे.

पायरी १: पहिले दोन तीन दिवस काहीच ठरवू नका

वाईट बातमी कळली की लगेच काहीतरी करायची घाई होते, दागिने मोडू, गावची जमीन काढू, त्या एजंटला फोन करू. थांबा. १ राजे अध्याय १९ परत वाचा. एलीया रतामाच्या झुडपाखाली पडलाय आणि देवाला म्हणतोय पुरे झालं, माझा जीव घे. देवदूत येऊन त्याला उपदेश करत नाही, तुझा विश्वास कमी पडला असं तर अजिबात म्हणत नाही. भाकर देतो, पाणी देतो, झोपू देतो, परत उठवून परत खायला देतो, आणि पुढच्या वाटेचं बोलणं त्यानंतर. म्हणून आधी जेवा, झोपा, मुलांना शाळेत सोडा.

आणि प्रार्थना करताना गोड बोलायची गरज नाही. तेरावं स्तोत्र फक्त सहा ओव्यांचं आहे आणि त्यात दावीद सरळ विचारतो की देवा किती दिवस, कायमचा विसरलास का मला. अशी प्रार्थना पवित्र शास्त्रात आहे म्हणजे तुम्हाला पण ती करायची मुभा आहे. देवापुढे खोटं हसू आणून बसलात तर पुढे बायकोसमोर, बँकेसमोर पण तेच खोटं चालू राहतं, असं मी बऱ्याच घरांत बघितलंय.

जीव नकोसा होतोय, किंवा घरातलं कोणी तसं बोलतंय, तर १४४१६ वर फोन करा, टेली मानसची हेल्पलाईन आहे, फुकट आहे, रात्री पण चालू असते. बांबोळीला मानसोपचाराचं सरकारी हॉस्पिटल आहे, तिथे ओपीडीला जा. डॉक्टरकडे जाणं म्हणजे विश्वास कमी पडला असं कोणी म्हटलं तर त्यांना एलीयाची भाकर आठवून द्या.

पायरी २: जोडीदाराला सगळं सांगा

अर्धं सांगू नका. बहुतेक होम लोनमध्ये नवरा बायको दोघंही को-बॉरोअर असतात म्हणजे कर्ज दोघांचं, आणि तरी एकाला दोन हप्ते थकलेत हे माहीत असतं आणि दुसऱ्याला बँकेच्या माणसाच्या फोनवरून कळतं. लग्नात शपथ घेताना सुखात आणि दुःखात म्हटलेलं असतं ना, त्यात थकलेला हप्ता पण येतो. मुलं झोपल्यावर बसा, आधी दोघांनी मिळून प्रभूची प्रार्थना म्हणा, "आमची रोजची भाकर आज आम्हांला दे" इथे जरा थांबा, त्यात पुढच्या वीस वर्षांची भाकर मागितलेली नाही, आजची मागितलीय. मग बोला. कोण चुकलं हे त्या रात्री काढू नका.

पायरी ३: कागद

ही पायरी लोकांना कंटाळवाणी वाटते पण मला सगळ्यात जवळची आहे, आणि त्याला कारण यिर्मया. अध्याय ३२ काढा. बाबेलच्या सैन्याने यरुशलेमला वेढा घातलाय, यिर्मया स्वतः पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत आहे, जमिनीची किंमत शून्य झालीय कारण उद्या सगळं शत्रूच्या हातात जाणार, आणि अशा वेळी त्याचा चुलतभाऊ येऊन म्हणतो अनाथोथचं माझं शेत विकत घे. देव सांगतो घे. आणि तो १७ शेकेल चांदी तागडीत तोलून देतो, खरेदीखत लिहितो, साक्षीदारांच्या सह्या घेतो, एक प्रत मोहोरबंद आणि एक उघडी, आणि आपला लेखनिक बारूख याला सांगतो की दोन्ही मडक्यात घालून ठेव म्हणजे पुष्कळ दिवस टिकतील. देवाने वचन दिलं होतं की या देशात परत घरं, शेतं, द्राक्षमळे विकत घेतले जातील, आणि त्या वचनावरचा विश्वास त्याने दाखवला कसा, तर कागद नीट करून. आणि सगळी सही शिक्के झाल्यावर तो प्रार्थना करतो, त्यात स्पष्ट म्हणतो की देवा, शहर तर शत्रूच्या हातात चाललंय आणि तू मला शेत घ्यायला सांगतोस. म्हणजे मनात गोंधळ होता, पण कागद पूर्ण होते.

तर एक जाड फाईल आणा आणि त्यात हे सगळं गोळा करा: ॲग्रीमेंट फॉर सेल (रजिस्टर झालंय का बघा), भरलेल्या सगळ्या पैशांच्या पावत्या, बँकेचं सँक्शन लेटर आणि लोन स्टेटमेंट, बिल्डरने पाठवलेले मेसेज आणि मेल प्रिंट काढून, जाहिरातीचं ब्रोशर पण. कॅश दिली असेल तर कधी, किती, कोणासमोर ते आठवून तारखेसह लिहून काढा.

गोव्याच्या जमिनीचं थोडं वेगळं आहे हे आपल्या घाटावरच्या लोकांना माहीत नसतं. आपण सातबारा बघतो, इथे फॉर्म १ आणि १४ असतो, लोक एक-चौदा म्हणतात, आणि शहरात सिटी सर्व्हेचा फॉर्म डी. त्यावर बिल्डरचं नाव आहे की अजून जुन्या भाटकाराचं (जमीनमालकाचं), कुळ किंवा मुंडकार (भाटकाराच्या जमिनीवर घर करून राहणारा) म्हणून कोणाची नोंद आहे का, हे बघा. इथे पोर्तुगीज काळापासूनच्या कौटुंबिक कायद्यामुळे नवरा बायकोचा मालमत्तेत समाईक हक्क असतो आणि वारसांची वाटणी इन्व्हेंटरी प्रोसिडिंगने (मालमत्तेची यादी करून वाटायची प्रक्रिया) होते, त्यामुळे जमीन विकताना सगळे वारस आणि त्यांचे जोडीदार यांच्या सह्या लागतात, आणि त्यातला एक लिस्बनला असतो, एक लंडनला, आणि त्याने सही केलेली नाही म्हणून अख्खी बिल्डिंग कोर्टात अडकते. जमीन बळकावण्याची इतकी प्रकरणं झाली की २०२२ मध्ये सरकारला त्यासाठी एसआयटी म्हणजे विशेष तपास पथक नेमावं लागलं. त्याशिवाय हे पण बघा: कन्व्हर्शनची सनद (शेतजमीन बांधकामासाठी बदलल्याचा कागद), टाऊन प्लॅनिंगची परवानगी, पंचायत किंवा पालिकेचं कन्स्ट्रक्शन लायसन्स, आणि बांधकाम झालं असेल तर कम्प्लिशन आणि ऑक्युपन्सी सर्टिफिकेट. सब-रजिस्ट्रारकडून एन्कम्ब्रन्स सर्टिफिकेट काढा, बिल्डरने तुमच्या माघारी त्यावर दुसरं कर्ज घेतलंय का ते बघायला. हे सगळं स्वतःला कळत नसेल तर स्वतःचा वकील घ्या, बिल्डरने सुचवलेला नको.

पायरी ४: हप्त्याचं गणित करा आणि हप्ता चुकायच्या आधी बँकेत जा

बुरूज बांधायच्या आधी बसून खर्च मोजावा हे येशूने लूक १४ मध्ये म्हटलंय. आपण बऱ्याचदा तो खर्च मोजतो पण व्याजदर बदलेल हे धरतच नाही. रेपो रेट, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना पैसे देते तो, मे २०२० पासून दोन वर्षं ४ टक्के होता आणि फेब्रुवारी २०२३ पर्यंत ६.५ झाला, फ्लोटिंग म्हणजे बदलत्या दराच्या लोनवाले सगळे त्यात सापडले. ४० लाखांचं लोन २० वर्षांसाठी ७ टक्क्याने घेतलं तर हप्ता साधारण ३१,००० येतो. दर ९ टक्के झाला तर तोच हप्ता जवळजवळ ३६,००० व्हायला पाहिजे. बँक काय करते, हप्ता तेवढाच ठेवते आणि मुदत वाढवते, आणि आपण म्हणतो बरं झालं हप्ता नाही वाढला. पण सुरुवातीपासूनच ९ टक्के धरून ३१,००० च भरत राहिलात तर ते कर्ज फिटायला ३८ वर्षं लागतात! म्हणून पहिलं काम, स्टेटमेंटमध्ये उरलेले महिने किती आहेत ते बघा.

ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने नियम केला की दर बदलला की बँकेने तुम्हाला विचारलं पाहिजे, हप्ता वाढवायचा की मुदत की दोन्ही थोडं थोडं, फिक्स्ड रेटवर जायचा पर्याय देणं पण तेव्हा सक्तीचं होतं, ऑक्टोबर २०२५ पासून तो द्यायचा की नाही हे बँकेच्या मर्जीवर आहे. विचारलं नसेल तर तुम्ही लेखी विचारा. आणि २०२५ मध्ये रेपो परत खाली आला, डिसेंबरला ५.२५ वर, तो फायदा तुमच्या लोनला मिळाला का बघा, कारण १ ऑक्टोबर २०१९ च्या आधीची जुनी लोन आणि हाउसिंग फायनान्स कंपन्यांची लोन यांचा दर तितक्या लवकर खाली येत नाही, तिथे अर्ज करून आणि थोडी फी भरून दर कमी करून मिळतो किंवा लोन दुसऱ्या बँकेत हलवता येतं. घरासाठी घेतलेल्या वैयक्तिक फ्लोटिंग लोनला आधी पैसे भरल्याचा दंड नसतो.

नोकरी गेली असेल तर पहिला हप्ता चुकायच्या आधीच ब्रँच मॅनेजरला भेटा. हे मी कितीही वेळा सांगेन. ज्याने आधी येऊन सांगितलं त्याच्याशी बँक वेगळं बोलते आणि तीन महिने फोन न उचललेल्या माणसाशी वेगळं बोलते. कंपनीचं पत्र न्या, दोघांचं उत्पन्न आणि खर्चाचा साधा कागद न्या, मुदत वाढवून किंवा काही महिने कमी हप्ता असं काय जमेल ते मागा, अर्जाची पोच घ्या. असं रिस्ट्रक्चर झालं की सिबिलवर, म्हणजे तुमच्या कर्जफेडीच्या रेकॉर्डवर, दिसतं हे खरं, पण थकबाकीपेक्षा ते बरं. आणि जाताना वाटेत छोटी प्रार्थना करा, मॅनेजरसाठी पण करा, तो पण नोकरीवाला माणूस आहे.

फ्लॅट अडकलाय म्हणून हप्ता भरायचा बंद करू नका. लोन तुमचं आणि बँकेचं आहे, हप्ता थांबवला तर बिल्डरला काही फरक पडत नाही, तुमचंच सिबिल जातं.

पायरी ५: बिल्डर

ख्रिस्ती माणसाने केस करावी का हा प्रश्न मला फार जण विचारतात. एका गालावर मारलं तर दुसरा पुढे करा म्हणून गप्प बसलेली कुटुंबं मी बघितलीत, आणि तिकडे बिल्डर दुसरा प्रोजेक्ट लाँच करतो. नहेम्या अध्याय ५ वाचा. लोक ओरडतायत की धान्यासाठी आम्ही शेतं, मळे आणि घरं गहाण टाकलीत. नहेम्याला राग येतो, तो मोठी सभा बोलावतो आणि सावकारांना सगळ्यांसमोर सांगतो की त्यांची घरं आणि शेतं आजच्या आज परत करा आणि घेतलेलं व्याज पण. पौलाने सुद्धा अन्याय होतोय बघून कैसराकडे दाद मागितली होती. हक्क कायद्याने मागण्यात सूड नसतो. बिल्डर तुमच्याच मंडळीतला असेल तर मात्र मत्तय १८ चा क्रम पाळा, आधी एकट्याने भेटा, मग दोघा तिघांना घेऊन, मग मंडळीतल्या वडीलधाऱ्यांना सांगून, आणि मग बाहेर.

आता कायदा. रेरा, म्हणजे बिल्डरांवर लक्ष ठेवणारा कायदा, २०१६ चा, गोवा रेराचं ऑफिस पणजीला पाटो प्लाझात आहे. आधी वेबसाईटवर तुमच्या प्रोजेक्टचा नंबर शोधा, पीआरजीओ ने सुरू होतो, तिथे बिल्डरने स्वतः दिलेली पूर्ण करायची तारीख दिसते. रजिस्टर ॲग्रीमेंट न करता १० टक्क्यांपेक्षा जास्त पैसे घेता येत नाहीत, आणि ग्राहकांच्या पैशातले ७० टक्के वेगळ्या खात्यात फक्त त्याच प्रोजेक्टच्या जमिनीसाठी आणि बांधकामासाठी ठेवायचे असतात. कलम १८ नीट समजून घ्या: ठरलेल्या तारखेला ताबा दिला नाही तर तुम्ही बाहेर पडून व्याजासकट सगळे पैसे परत मागू शकता, किंवा थांबायचं ठरवलं तर ताबा मिळेपर्यंत दर महिन्याच्या उशिराचं व्याज मागू शकता. निवड तुमची असते, बिल्डरची नाही.

एकटे जाऊ नका. बाकीचे खरेदीदार शोधा, ग्रुप करा, शक्य असेल तर असोसिएशन रजिस्टर करा, कारण बिल्डरचं रजिस्ट्रेशन रद्द झालं तर उरलेलं काम पूर्ण करायचा पहिला हक्क कायद्याने खरेदीदारांच्या असोसिएशनला असतो. त्यात हिंदू असतील, मुस्लिम असतील, दिल्लीहून सेकंड होम घेतलेले असतील, सगळ्यांबरोबर बसा. जमीन ५०० चौरस मीटरच्या आत असेल किंवा फ्लॅट आठपेक्षा जास्त नसतील तर प्रोजेक्टला रेराचं रजिस्ट्रेशन लागत नाही, गावातल्या बऱ्याच छोट्या बिल्डिंगी अशाच असतात, तिथे जिल्हा ग्राहक आयोगाचा रस्ता आहे, पण दोन वर्षांची मुदत असते, ती जाऊ देऊ नका. वकिलाला पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, बाईमाणसाला तिथे उत्पन्न कितीही असलं तरी फुकट वकील मिळतो.

निकालाला वेळ लागतो. लूक १८ मधली विधवा त्या न्यायाधीशाकडे परत परत जात राहिली, आणि येशूने ती गोष्ट खचून न जाता प्रार्थना करत राहावं म्हणून सांगितली. तारखांना जात राहा आणि प्रार्थना पण चालू ठेवा, दोन्ही.

पायरी ६: बँकेची नोटीस आली तर

९० दिवस थकलं की खातं एनपीए, म्हणजे बुडीत कर्जाच्या यादीत, जातं. मग सरफेसी कायद्याची (गहाण मालमत्ता बँकेला ताब्यात घेऊन विकता येते तो कायदा) ६० दिवसांची नोटीस येते. ती आली म्हणजे उद्या घर गेलं असं नाही. तुम्ही लेखी हरकत देऊ शकता, बँकेने १५ दिवसांत उत्तर द्यायचं असतं. ६० दिवसांनंतर बँकेने ताब्याचं पाऊल उचललं तर ४५ दिवसांत डीआरटीत म्हणजे कर्जवसुली न्यायाधिकरणात जाता येतं. लिलावाची जाहिरात निघायच्या आधी सगळी थकबाकी भरली तर लिलाव थांबतो, आणि लिलाव झालाच तर बँकेचे पैसे आणि खर्च वळते करून उरलेले पैसे तुमचे असतात, ते मागून घ्या. सहकारी बँकांना पण हा कायदा लागू आहे.

वसुलीवाल्याने सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ च्या नंतर फोन करायचा नाही, धमकी द्यायची नाही, नातेवाईकांना फोन करून अब्रू काढायची नाही, हे रिझर्व्ह बँकेचे नियम आहेत. अनुवाद २४ मध्ये देवाने पण सावकाराला सांगितलंय की गहाण घ्यायला त्याच्या घरात शिरू नको, बाहेर उभा राहा, तो माणूस स्वतः आणून देईल. कर्जदाराच्या उंबऱ्याचा मान देवाने ठेवलाय, म्हणून दारात कोणी आरडाओरडा केला तर मान खाली घालू नका, नाव आणि ओळखपत्र मागा, रेकॉर्ड करा, बँकेला लेखी तक्रार करा आणि ३० दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, १४४४८ वर माहिती मिळते, पैसे लागत नाहीत.

पायरी ७: चर्चमध्ये कोणाला सांगायचं

सगळ्यांना नाही आणि कोणालाच नाही असं पण नाही. गोव्यात नवीन असल्यावर अडचण अशी की मिस्सा कोंकणीत, गायनं रोमी लिपीत, लोक पिढ्यान्पिढ्या एकमेकांना ओळखणारे, आपण मागच्या बाकावर बसून येतो आणि जातो, मग संकटात कोणाला सांगणार. तर मिस्सानंतर थांबून फादरना वेळ मागा, मराठी त्यांना बहुतेक कळते, नाही तर हिंदीत बोला. वाड्यावर छोट्या ख्रिस्ती समूहाच्या बैठका होतात त्यात जायला लागा. पुष्कळ पॅरिशमध्ये सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी असते, ती माणसं घरी येऊन गुपचूप मदत करतात, रेशन, शाळेची फी, औषध, बोभाटा करत नाहीत. प्रोटेस्टंट मंडळीत पाळकांना आणि एखाद्या समजूतदार कुटुंबाला सांगा. गलतीकरांस ६ मध्ये एकमेकांची ओझी वाहा असं लिहिलंय, पण ओझं दिसलं तर कोणी उचलेल ना.

इथल्या लोकांना हे सगळं कळत नाही असं समजू नका. २०१२ ला खाणी बंद पडल्या, २०१८ ला परत बंद पडल्या, सांगे, सावर्डे, डिचोली भागात ट्रकचं आणि घराचं कर्ज एकदम अंगावर आलेली घरं आहेत. २०२० ला बोटीवरचे खलाशी काम बंद पडल्यामुळे परत आले. तुमच्या बाजूला बसलेल्या अंकलने हे सगळं भोगलेलं असू शकतं.

नवस, नोव्हेना (नऊ दिवसांची प्रार्थना) याबद्दल पण विचारतात. २४ नोव्हेंबरपासून जुन्या गोव्याला सायबाच्या (संत फ्रान्सिस झेवियरच्या) फेस्ताची नोव्हेना असते, म्हापशाला मिलाग्र सायबिणीला हिंदू ख्रिस्ती दोघंही तेल घेऊन जातात, जरूर जा. संत जोसेफची मूर्ती अंगणात उलटी पुरली की घर विकलं जातं असं इंटरनेटवर फिरतं, ते करू नका, संतांना कामाला जुंपायचं नसतं. पोप फ्रान्सिस झोपलेल्या जोसेफच्या मूर्तीखाली आपल्या अडचणीची चिठ्ठी ठेवायचे, हे त्यांनी स्वतः २०१५ मध्ये मनिलाला सांगितलं होतं. ते करायला हरकत नाही, चिठ्ठी ठेवून आपणही झोपावं.

पायरी ८: दान, दशमांश, आणि "पेरणी"वाले

यावर मला तळमळीने लिहायचंय. कर्जात बुडालेल्या माणसाला कोणी सांगत असेल की अमुक रक्कम "पेर" म्हणजे देव तुझं घर मोकळं करेल, तर तिथून उठून या. विधवेच्या दोन दमड्यांची गोष्ट सगळ्यांना पाठ असते, पण मार्क १२ मध्ये तिच्या अगदी आधी काय आहे ते वाचा, विधवांची घरं गिळणाऱ्या शास्त्र्यांपासून सांभाळा असं येशू म्हणतो. ही दोन वाक्यं शेजारी शेजारी आहेत. घर गेलं म्हणून तुमच्यावर शाप आहे असंही कोणी सांगेल, ईयोबाच्या मित्रांनी त्याला हेच सांगितलं होतं आणि शेवटी देव त्या मित्रांवरच रागावला.

मग दान द्यायचं की नाही? २ करिंथ ८ मध्ये पौल म्हणतो की जे जवळ आहे त्याप्रमाणे दिलेलं मान्य होतं, जे नाही त्याप्रमाणे नाही. हप्ता थकवून दशमांश देऊ नका, घेतलेलं कर्ज फेडणं हा पण देवापुढचा शब्दच आहे. कमी द्या, वेळ द्या, चर्च झाडायला जा.

पायरी ९: नवीन कर्जाने जुनं झाकू नका

मोबाईलवरचं झटपट लोन, क्रेडिट कार्डातून कॅश, महिन्याला पाच टक्क्याने देणारा ओळखीचा, काहीच नको. २ राजे ४ मधल्या विधवेची मुलं सावकार न्यायला आला होता, तेव्हा अलीशाने विचारलं, तुझ्या घरात काय आहे. तेल होतं थोडं. चमत्कार झाला, आणि मग संदेष्टा काय म्हणाला, तेल वीक, आधी कर्ज फेड आणि उरलेल्यात तू आणि मुलं जगा. घरात काय आहे ते बघा: दुसरी गाडी, बंद पडलेली एलआयसी, एक खोली भाड्याने देता येईल का, बायकोच्या हातचं काही विकता येईल का. सोनं मोडायचं की नाही ते दोघांनी ठरवा, पण अडकलेल्या बिल्डरला अजून पैसे द्यायला मोडू नका.

दुसऱ्याच्या पतसंस्थेच्या कर्जाला जामीन राहू नका, जामीनदार कर्जदाराइतकाच बांधील असतो. नीतिसूत्रे ६ मध्ये जामीन राहिलेल्याला सांगितलंय की डोळ्याला झोप येऊ न देता जाऊन स्वतःला सोडव.

फेस्त, बाप्तिस्मा, फर्स्ट कम्युनियन यंदा घरच्या घरी करा. चार माणसांत केलेलं सोरपोतेल पण सोरपोतेलच असतं.

पायरी १०: घर सोडायचं ठरलं तर

कधी कधी तेच बरोबर असतं. हप्ता दोघांच्या मिळून हातात येणाऱ्या पगाराच्या अर्ध्याच्या वर गेलाय आणि वर्षभरात उत्पन्न वाढायचं काही चिन्ह नाही, तर बँकेने विकण्याआधी तुम्ही विका, लिलावापेक्षा बरी किंमत येते. बँकेकडून उरलेल्या रकमेचं पत्र आणि त्यांच्याकडे असलेल्या कागदांची यादी घ्या, खरेदी करणाऱ्याची बँक तुमचं लोन फेडते आणि उरलेलं तुम्हाला. वन टाईम सेटलमेंट (काही रक्कम सोडून बँकेशी एकरकमी मिटवणं) केलं तर सिबिलवर "सेटल्ड" दिसतं, "क्लोज्ड" नाही, आणि पुढचं लोन त्यामुळे अडतं, हे माहीत असू द्या. सगळं फिटल्यावर बँकेने मूळ कागद ३० दिवसांत परत द्यायचे असतात, त्यांच्याकडून उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई, हा नियम डिसेंबर २०२३ पासून आहे, मागायला लाजू नका.

घर विकलं म्हणजे विश्वास हरला असं मुलांच्या मनात राहू देऊ नका. त्यांना विकायच्या आधीच सांगा, का ते पण सांगा, खोल्या रिकाम्या करताना एकेका खोलीत थांबून तिथे जे चांगलं झालं त्यासाठी देवाचे आभार माना. भाड्याच्या घराचं ॲग्रीमेंट नीट करा, पोलिस स्टेशनला टेनंट व्हेरिफिकेशनचा फॉर्म भरा, घरमालकाने भरला नसेल तर मागे लागा. भाग बदलला तर पॅरिश पण बदलते, तेव्हा पहिल्याच रविवारी नव्या फादरना भेटून नाव नोंदवा, मुलांना कॅटेकिझमच्या वर्गात घाला आणि नवीन घराला आशीर्वाद द्यायला त्यांना बोलवा, भाड्याचं असलं तरी बोलवा, ते येतात.